संगणकाचे प्राथमिक शिक्षण आणि मराठीचा अभ्यासक

१

मराठीच्या पदव्युत्तर विभागांत संशोधनपद्धतीचा विचार होतो तेव्हा हस्तलिखितांचे वाचन, पाठचिकित्सा, टिपणे काढण्याची शिस्त, संदर्भसूचीची मांडणी या गोष्टींना त्यात हमखास स्थान असते. संगणकाला तसे स्थान अद्याप मिळालेले नाही. संगणक विभागात असतो, त्यावर परिपत्रके व गुणपत्रके तयार होतात. परंतु अभ्यासकाचे त्याच्याशी असलेले नाते बहुधा दुसऱ्याच्या मार्फत चाललेले असते. प्रबंध हाताने लिहावयाचा, तो टंकनाच्या दुकानात द्यावयाचा, मुद्रिते तपासून परत पाठवावयाची आणि बांधणी करून विद्यापीठास सादर करावयाचा, ही वहिवाट अनेक ठिकाणी अजून मोडलेली नाही. ‘संगणक येत नाही’ हे वाक्य मराठीचा अध्यापक काहीशा सहजतेने उच्चारतो. ‘मोडी येत नाही’ असे म्हणताना त्याला जो संकोच वाटतो, तो येथे वाटत नाही.

या दोन वाक्यांमागे एक समजूत आहे. मोडी वाचणे हे विद्येचे काम आणि संगणक चालविणे हे कारकुनी काम, अशी ती समजूत होय. ती तपासून पाहण्याची आवश्यकता आहे. मराठीच्या अभ्यासकापुरते बोलावयाचे तर संगणकाचे प्राथमिक कौशल्य हा लिपिज्ञानाचा भाग आहे. आणि म्हणून ते शिकविण्याची जबाबदारी अन्य कोणावर न टाकता मराठी विभागांनीच आपल्याकडे घेतली पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

नवशिक्याच्या वाट्याला जे शिक्षण येते त्याचे स्वरूप प्रथम पाहावयास हवे. संगणकाची ओळख करून देणारे अभ्यासक्रम महाराष्ट्रात दुर्मीळ नाहीत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तर खेडोपाडी पोहोचलेला आहे आणि असंख्य लोकांच्या मनातील यंत्राची भीती त्याने घालविली आहे. परंतु कोणताही सर्वसाधारण अभ्यासक्रम सर्वांसाठी असतो. यंत्राचे भाग, पत्रलेखन, तक्ते, सादरीकरण असा त्याचा विस्तार असतो आणि मराठी टंकन हा त्यातील अनेक घटकांपैकी एक घटक ठरतो. मराठीच्या अभ्यासकाची गरज याच्या उलट क्रमाची आहे. त्याला जे लिहावयाचे आहे ते सर्वच्या सर्व मराठीत आहे. जो अध्यापक पहिले पंधरा दिवस रोमन अक्षरांत स्वतःचे नाव टंकित करीत राहतो, त्याला या यंत्राचा आपल्या विषयाशी संबंध आहे असे वाटेनासे होते आणि महिन्याभरात तो पुन्हा कागदाकडे वळतो. यात त्याच्या बुद्धीचा किंवा वयाचा दोष नसून पाठांच्या क्रमाचा दोष आहे.

नवशिके दोन प्रकारचे आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. पहिला प्रकार पन्नाशीकडे झुकलेल्या अध्यापकाचा. माउस हातात धरला की बाण नको तेथे धावतो. एखादी कळ दाबली गेली की पान नाहीसे होते. आणि आता काहीतरी कायमचे बिघडले, या धास्तीने हात मागे येतो. ही धास्ती दोन गोष्टी कळल्या म्हणजे बरीचशी ओसरते. एक, ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ या कळा एकत्र दाबल्या असता शेवटची कृती मागे घेता येते. दुसरी, पडद्यावर दिसणारा मजकूर आणि साठविलेला मजकूर या दोन भिन्न गोष्टी आहेत; जे ‘सेव्ह’ केले तेच उरते. प्राथमिक शिक्षणात या दोन गोष्टी पहिल्याच तासाला सांगितल्या गेल्या पाहिजेत. प्रौढ विद्यार्थ्याला वेग कमी असला तरी चालतो, परंतु झालेली चूक निस्तरता येते याची खात्री त्याला आधी हवी असते.

दुसरा प्रकार एकविशीतील विद्यार्थ्याचा. तो भ्रमणध्वनी लीलया हाताळतो, म्हणून त्याला संगणक येतो असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक चुकीचे आहे. भ्रमणध्वनीवर तो रोमन अक्षरे दाबतो आणि यंत्राने सुचविलेल्या शब्दांतून एक निवडतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय अनेकदा त्याचा नसतोच. उतरवून घेतलेली फाइल यंत्रात कोठे गेली हे त्याला सांगता येत नाही. पानाचे छायाचित्र आणि त्या पानावरील मजकूर यांतील भेद त्याच्या ध्यानात आलेला नसतो. दोन्ही नवशिके एकमेकांना पूरक आहेत, ही त्यातली जमेची बाजू. एकाजवळ हाताची सफाई आहे, दुसऱ्याजवळ वर्णविचार आहे. विभागात ते शेजारी बसून शिकू शकतात. बाहेरच्या वर्गात ते एकमेकांना भेटत नाहीत.

३

मराठीचा अध्यापक संगणकासमोर बसतो तेव्हा तो समजतो तितका कोरा नसतो. याचा प्रत्यय इनस्क्रिप्ट हा कळफलक देतो. १९९१ च्या भारतीय मानकात (आयएस १३१९४) समाविष्ट झालेला आणि आज बहुतेक संगणकांत कोणतेही मूल्य न देता उपलब्ध असलेला हा कळफलक वर्णमालेच्या व्यवस्थेवर उभा आहे. डाव्या हाताखाली स्वर आहेत, उजव्या हाताखाली प्रामुख्याने व्यंजने. स्वरचिन्ह साध्या कळीवर आहे, तर ‘शिफ्ट’सह तीच कळ दाबली असता पूर्ण स्वर उमटतो. वर्गीय व्यंजनांतील अल्पप्राण वर्ण साध्या कळीवर आणि त्याचा महाप्राण त्याच कळीवर ‘शिफ्ट’सह, ही योजना तर व्याकरणाच्या अध्यापकाला ओळखीचीच वाटावी: क-ख, ग-घ, च-छ, त-थ, प-फ. रोमन अक्षरांच्या आधारे मराठी लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी परक्या लिपीतून वळसा घ्यावा लागतो. इनस्क्रिप्ट शिकणाऱ्याला कळांच्या जागा तेवढ्या नव्याने पाठ कराव्या लागतात. त्यांमागील तत्त्व त्याला शालेय वयापासून ठाऊक असते.

या तत्त्वाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर अक्षराचा आकार जसा दिसे तसा तो तुकड्यातुकड्यांनी उमटवावा लागे. म्हणून ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर, असा क्रम होता. संगणकाच्या आजच्या व्यवस्थेत मजकूर उच्चारक्रमाने नोंदला जातो. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी द्यावयाची. ती क च्या डावीकडे दाखविण्याचे काम यंत्र करते. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्यावा. त्यात व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी अशा दहा कळा लागतात. रफार दिसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर, परंतु त्यातील र उच्चारला जातो थ च्या आधी आणि लिहिलाही जातो थ च्या आधीच. व्यंजनात अ अंगभूत असतो, हलन्ताने तो लोपतो आणि पुढील व्यंजनाशी संयोग होतो, हे अध्यापक जे फळ्यावर शिकवितो तेच येथे बोटांनी करावयाचे असते. एम.ए.च्या वर्गात वर्णविचार शिकविताना कळफलक समोर ठेवला तर दोन्ही विषय एकमेकांना उजळून काढतील.

४

यापुढचा प्रश्न फाँट आणि संकेत यांतील भेदाचा आहे. नवशिक्याला तो बहुधा कोणी सांगत नाही आणि त्याचे मोल मात्र संपूर्ण विद्याशाखेला द्यावे लागले आहे.

१९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती निरनिराळ्या फाँटांच्या आधारे. यंत्राच्या दृष्टीने नोंद होत असे रोमन अक्षरांची व चिन्हांची. फाँट त्यांच्यावर देवनागरी आकारांचे मुखवटे चढवीत असे. प्रत्येक फाँटमालेची जुळणी वेगळी. त्यामुळे एका दुकानात टंकित झालेला प्रबंध तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तीत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. प्रत्येक वर्णाला ठरावीक क्रमांक देणारी ही व्यवस्था विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकांत देवनागरीसाठी वापरता येऊ लागली. तीसोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला आहे, ही मराठी अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट होय. असे असूनही ग्रंथव्यवहारात आणि प्रबंधलेखनात जुन्या फाँटांची वहिवाट पुढे कित्येक वर्षे टिकून राहिली.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या परिस्थितीचे आकलन होण्यास महानुभाव वाङ्मयाचा इतिहास पुरेसा आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण किंवा चिन्ह योजावयाचे आणि किल्ली पंथाच्या आत ठेवावयाची, अशी ती रीत होती. परिणामी मराठीतील आद्य गद्याचा मोठा ठेवा शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांना अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी तो अभ्यासाच्या कक्षेत आला आणि मराठी वाङ्मयेतिहासाची मांडणीच बदलून गेली. जुन्या फाँटांतील मजकुराची जात तीच आहे. वर्णाच्या जागी वर्ण योजलेला आहे आणि किल्ली फाँटात आहे. फरक इतकाच की महानुभावांनी ही गुप्तता हेतुपुरस्सर पत्करली होती. विद्यापीठीय जगात ती निव्वळ अजाणतेपणी घडली.

या अजाणतेपणाचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले आणि ‘शोधगंगा’ या संग्रहात प्रबंध खुले होऊ लागले. परंतु जुन्या फाँटात टंकित केलेला किंवा केवळ पानांची छायाचित्रे काढून ठेवलेला मराठी प्रबंध तेथे असला तरी त्यातील एखादा शब्द शोधून सापडत नाही. डोळ्यांनी तो वाचता येतो. यंत्राच्या लेखी तेथे मराठी नसते. ज्या संशोधकाने पाच वर्षे खपून एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह केला, त्याचे काम पुढच्या संशोधकाच्या शोधात येतच नाही आणि तेच काम पुन्हा आरंभापासून केले जाते.

हा भेद ओळखण्याची कसोटी अगदी सोपी आहे. पानावरील एक मराठी ओळ निवडावी, तिची नक्कल करावी आणि ती दुसऱ्या एखाद्या साध्या लेखनपटलावर चिकटवावी. मराठीच उमटली तर बहुधा मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन कचरा उमटला तर जुन्या फाँटात आहे. ओळ निवडताच आली नाही तर ते केवळ छायाचित्र आहे. निवडणे, नक्कल करणे, चिकटविणे या नवशिक्याने पहिल्या आठवड्यात शिकावयाच्या तीन कृती आहेत. त्या तीन कृतींनी प्रबंधाच्या भवितव्याची परीक्षा होते, हे त्याला त्याच वेळी सांगितले पाहिजे.

५

युनिकोड आले म्हणजे सर्व प्रश्न मिटले असे मात्र नाही. येथे मराठीच्या जाणकाराची खरी गरज सुरू होते.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्यावेत. किंवा ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे. मराठीत या दोन लेखनांचा अर्थभेद स्पष्ट आहे. इनस्क्रिप्टवर साधा र ‘जे’ या कळीवर आहे आणि दुसऱ्या प्रकारासाठी लागणारा ऱ ‘शिफ्ट’सह त्याच कळीवर आहे. हे ज्याला ठाऊक नाही असा टंकलेखक दरीतल्या दऱ्यांचा समुद्र करून ठेवतो. याहून सूक्ष्म अडचण अशी की डोळ्याला हुबेहूब तसाच दिसणारा ऱ्या साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही काढता येतो. दोन्ही दिसतात सारखे, परंतु जसेच्या तसे जुळवून पाहणाऱ्या शोधात एक सापडतो आणि दुसरा निसटतो. ॲ या अक्षराचीही तीच गत आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तोपर्यंत कोणी अ ला चंद्र जोडून, कोणी हिंदीतील ऍ वापरून काम भागविले. परिणामी एकच शब्द यंत्रात तीन प्रकारांनी नोंदलेला आढळतो.

पाठभेद म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या काळापासून मराठीत पाठाच्या शुद्धतेची परंपरा आहे. लेखनिकाच्या हातून वेलांटी बदलते, ओळ गळते, ओळखीचा शब्द अनोळखी शब्दाची जागा घेतो, हे सर्व पाठचिकित्सेच्या तासाला शिकविले जाते. टंकनाच्या दुकानातील माणूस हा आजचा लेखनिक आहे. त्याचे काम कष्टाचे आहे आणि त्याच्यावर दोष ठेवण्याचे कारण नाही; परंतु प्रबंधाचा अखेरचा पाठ त्याच्या हातचा असतो, ही वस्तुस्थिती आहे. बोलीतील एखादे रूप त्याला चूक वाटून त्याने ते प्रमाण केले, तर प्रबंधाच्या मूळ आधारालाच धक्का लागतो. जो संशोधक स्वतः टंकन करतो त्याच्याही चुका होतात, परंतु त्या त्याच्या स्वतःच्या असतात आणि त्याला सापडू शकतात.

कोशकार्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, तसेच दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात संगणकावर शोधता येतील अशा रूपात उपलब्ध आहेत. ज्याला देवनागरी टंकन येते त्याला ही दालने घरबसल्या खुली होतात. परंतु मोल्सवर्थच्या काळी क्रियापदे ‘करणें’, ‘जाणें’ अशी सानुस्वार लिहिली जात, हे त्याला माहीत असले पाहिजे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ ची त्यांतील भर यांच्यापूर्वीचे लेखन ज्याला परिचित नाही, त्याचा शोध रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता आहे. वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल च्या लगेच नंतर येतो; मराठी कोशपरंपरेत ळ हा ह च्या नंतरचा. केवळ क्रमांकांनुसार लावलेली यादी अकारविल्हे असतेच असे नाही. शब्दसूची करणाऱ्याने यंत्राने लावून दिलेला क्रम डोळे मिटून स्वीकारला तर त्याची सूची मराठी वाचकाला गैरसोयीची ठरेल. हे ज्ञान संगणकाच्या शिक्षकाजवळ असेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

६

लेखनानंतर जतनाचा विचार येतो. डेस्कटॉप, फाइल, फोल्डर या कल्पना पाश्चात्त्य कचेरीतील मेजावरून घेतलेल्या आहेत आणि ज्याने तसे मेज कधी वापरले नाही त्याला त्या निर्जीव वाटतात. मराठी अभ्यासकाला जवळचे रूपक पेशवे दप्तराचे आहे. कागद, कागदांचा रुमाल, रुमालांचे दप्तर आणि दप्तराची यादी ही व्यवस्था त्याने पाहिलेली किंवा वाचलेली असते. फाइल हा कागद, फोल्डर हा रुमाल आणि फाइलचे नाव ही यादीतील नोंद, एवढे सांगितले की बहुतेक गोंधळ मिटतो. रुमालात रुमाल बांधता येतो, एवढीच नवी गोष्ट.

या संदर्भात परिभाषेचाही विचार व्हावा. फाइलसाठी ‘धारिका’, ‘संचिका’ असे पर्याय सुचविले गेले आहेत आणि शासकीय लेखनात त्यांचा उपयोग आहे. परंतु नवशिक्यावर एकाच वेळी नवी कल्पना आणि नवा शब्द असे दोन भार टाकू नयेत. रूढ झालेले शब्द घ्यावेत आणि कल्पना मराठीतून समजावून सांगावी.

नाव देण्याची शिस्त मात्र कठोरपणे शिकविली पाहिजे. ‘प्रकरण’, ‘प्रकरण नवीन’, ‘प्रकरण अंतिम’, ‘प्रकरण खरोखर अंतिम’ अशा चार फाइलींतून मार्गदर्शकाने नेमकी कोणती वाचावी, हा प्रसंग बहुतेक विभागांत परिचयाचा असेल. हस्तलिखितावर लेखनकाल व लेखनिकाचे नाव देणारी पुष्पिका असते. फाइलच्या नावातही विषय आणि दिनांक असावा. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने दिनांक लिहिला तर फाइली आपोआप कालानुक्रमे लागतात. तसेच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली पाहिजे. मराठीतील प्राचीन ग्रंथ टिकले ते अनेक ठिकाणी त्यांच्या अनेक प्रती होत्या म्हणून. एकाच पोथीवर विसंबलेला ग्रंथ पोथीबरोबर जातो. एकाच संगणकावर विसंबलेला प्रबंध त्या संगणकाबरोबर जातो.

७

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हाताने लिहिण्यात जो विचार होतो तो टंकनात होत नाही. हा आक्षेप खोडून काढण्याचे कारण नाही. ज्याला कागदावर विचार सुचतो त्याने कागदावर अवश्य लिहावे. परंतु कच्चा खर्डा आणि जतन करावयाचा पाठ या दोन अवस्था आहेत. पहिलीत हाताचे स्वातंत्र्य असावे. दुसरीची जबाबदारी अभ्यासकाने परक्यावर सोपवू नये.

दुसरा आक्षेप वयाचा. या वयात हे जमणार नाही, असे म्हटले जाते. मोडी शिकणारे अनेकजण निवृत्तीनंतर शिकतात आणि चांगले शिकतात. कळफलकाच्या कळा मोडीच्या वळणांहून अवघड नाहीत. रोज अर्धा तास आपल्याच आवडीच्या मजकुराचे टंकन केले तर काही आठवड्यांत बोटांना जागा सापडू लागतात. वेग यथावकाश येतो आणि संशोधनाला फार वेगाची गरजही नसते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आता बोलले की यंत्र लिहिते. छायाचित्रावरून यंत्र मजकूर ओळखते. मग कळा शिकाव्यात कशासाठी? ही साधने उपयुक्त आहेत आणि त्यांचा लाभ घेतलाच पाहिजे. परंतु यंत्राने लिहिलेला मजकूर तपासावा लागतो आणि दुरुस्त करण्यासाठी कळफलकच लागतो. शिवाय ही साधने परिचित रूपांकडे झुकण्याचा संभव अधिक. ‘म्हून’ असे ऐकून ‘म्हणून’ असे लिहिणारे साधन पत्रव्यवहारात सोयीचे असेल, पण बोलीच्या क्षेत्रकार्यात ते पुरावाच पुसून टाकील. जुन्या लेखनातील अनुस्वार अनावश्यक समजून गाळणारे साधन पाठचिकित्सेला निरुपयोगी आहे. साधन जितके हुशार, तितका त्याच्यावर देखरेख करणारा अभ्यासक जाणता हवा.

८

काय करता येईल, याचा विचार आता करावयास हवा. संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत पंधरा तासिका या विषयाला दिल्या तर आरंभास पुरेशा आहेत. क्रम असा असावा: प्रथम इनस्क्रिप्ट कळफलक, त्यासोबत साठविणे व कृती मागे घेणे, नंतर फाइल, फोल्डर व नावे, नंतर निवडणे, नक्कल करणे, चिकटविणे आणि त्यांच्या आधारे मजकुराची परीक्षा, नंतर शोध, वर्णक्रम व तळटीपा, शेवटी प्रतींचे जतन. तक्ते व सादरीकरण त्यानंतर येऊ द्यावे.

परीक्षेसाठी बहुपर्यायी प्रश्न नकोत. विद्यार्थ्याला एकोणिसाव्या शतकातील एखाद्या मराठी पुस्तकाची दोन पाने द्यावीत. त्याने ती मूळ लेखन कायम ठेवून टंकित करावीत, योग्य नावाने दोन ठिकाणी साठवावीत, त्यांतील वीस शब्दांची अकारविल्हे सूची करावी आणि ज्या ठिकाणी मूळ मुद्रण संशयास्पद वाटले तेथे तळटीप द्यावी. एवढ्या एका कामात टंकन, जतन, शोध आणि पाठचिकित्सा यांची परीक्षा होते. शिवाय दरवर्षी विभागाच्या संग्रहात शुद्ध, शोधता येण्याजोग्या मजकुराची भर पडते.

याच विद्यार्थ्यांच्या साहाय्याने विभागांनी आपले जुने दप्तर उघडावे. १९९० नंतरच्या दोन दशकांतील प्रबंध, नियतकालिकांचे अंक, चर्चासत्रांतील निबंध यांच्या फाइली फ्लॉपींत, तबकड्यांत आणि बंद पडलेल्या संगणकांत पडून आहेत. त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके आहेत, पण ती वेलांट्या व रफार यांच्या जागा चुकवितात. म्हणून छापील प्रतीशी ताडून पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते. ते मुद्रितशोधनाचे काम आहे आणि मराठीच्या विद्यार्थ्याने ते शिकलेच पाहिजे.

हे काम फार काळ लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही. सकळ लिपीची किल्ली पंथाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, म्हणून ती अखेर संशोधकांच्या हाती आली. जुन्या फाँटांची किल्ली सांभाळणारा असा कोणताही पंथ नाही. कोणत्या दुकानात कोणता फाँट होता, कोणत्या तबकडीवर कोणते प्रकरण आहे, हे ज्यांना आठवते असे टंकलेखक आणि अध्यापक आज हयात आहेत. त्यांतील अनेक निवृत्त झाले आहेत. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर प्राचीन वाङ्मयाच्या जतनाविषयी जी आस्था व्यक्त होत आहे, तिच्या कक्षेत हा नजीकचा भूतकाळही आला पाहिजे. त्याचा आरंभ कोणत्याही मोठ्या योजनेची वाट न पाहता होऊ शकतो. विभागातील संगणकावर मराठी कळफलक सुरू करावा, आणि अध्यापकाने व विद्यार्थ्याने त्याच्यासमोर शेजारी बसून पहिला धडा गिरवावा.